मे महिन्यातले अर्धे दिवस

केमीच्या ग्रंथालयात, दर गुरुवारी दोन ते चार,
मी लोकांचे फोन दुरुस्त करतो.
दुरुस्त म्हणजे काय, बहुतेक वेळा
बंद करून पुन्हा चालू करतो.

आउने लेप्पानिएमीने बर्फाचे बूट दारातच काढले,
काठीची घडी केली आणि फोन माझ्यापुढे ठेवला,
वर्गातल्या वांड पोराला हेडमास्तरांसमोर उभं करावं तसा.
"याला तारखा वाचता येत नाहीत," म्हणाली.
"डोळे माझे गेलेत. याचे नाहीत."

बँकेचं पत्र. मुदत: ४.५.
फोन म्हणाला, चार पूर्णांक पाच.
म्हणजे साडेचार.
एक तारीख दीड, दोन तारीख अडीच.
मे लागला की आमच्याकडे
प्रत्येक दिवसाला अर्धा वरचा चिकटणार,
उजेड वाढतो तसा.
खरं सांगतो, मला हे आवडलं होतं.
तिला नाही.

एकतीस वर्षं पोस्टात शिक्का मारलाय तिने.
पावणेसातला दिवा लावायचा, चिमट्याने
पितळी चाक एक दात पुढे सरकवायचं,
कालचा दिवस शाईसकट पुसायचा,
मग कॉफी.
कुणाचं पत्र चुकीच्या दिवशी निघालं नाही.
पुढे काचबिंदू आला, कडांकडून आत,
मांजराच्या पावलांनी.
सगळ्यात शेवटपर्यंत दिसत राहिलं
ते शिक्क्याच्या मधोमधचं, म्हणते. तारीखच.

सेटिंगच्या पोटात खोल एक यादी असते उच्चारांची:
अलीकडे, जे लिहिलंय ते.
पलीकडे, जे म्हणायचं ते.
हातानं भरायची, एकेक.
मी म्हटलं, तीनशे सहासष्ट होतील.
ती म्हणाली, "गुरुवार पुष्कळ आहेत."

आमच्या भाषेत महिन्यांच्या अंगाला अजून अर्थ लागलेला आहे.
फेब्रुवारी मोत्याचा: फांदीवर वितळून
पुन्हा गोठलेला थेंब.
जुलै गवताचा. ऑक्टोबर चिखलाचा.
नोव्हेंबरच्या नावात काहीतरी मेलेलं आहे,
काय ते कुणी नीट सांगत नाही.
"टिंबाच्या पलीकडे एवढं सगळं," ती म्हणाली,
"आणि हा बाबा म्हणतो, पूर्णांक दोन."

भरत गेलो.
प्रत्येक तारखेला ती काहीतरी जोडून द्यायची, यादीसाठी नव्हे, असंच.
२६.७. ला अख्ख्या दिवसात एकच पत्र आलं होतं,
तेही तिच्याच नावचं. विजेचं बिल.
९.२. ला शाई गोठली.
२९.२. चं चाक दर चार वर्षांनी अडायचं,
मग तिनं त्याला केसातली पिन लावून ठेवली.

एका सोमवारी थांब्यावरून तिचा फोन.
आमच्याकडे वेळही टिंबानेच लिहितात.
बस १२.१०. ची होती, आणि माझ्या कृपेने
फोन तिला सांगत होता:
बस सुटेल चिखलाच्या महिन्यात, बाराव्या दिवशी.
"सात महिने आहेत," ती म्हणाली. "डबा आणू का?"
मागे बसचं दार उघडल्याचा आवाज आला,
आणि तिचं हसू त्या दाराबरोबर आत गेलं.
ती चूक मी काढायला निघालो, तिने काढू दिली नाही.

नोव्हेंबर आम्ही मार्चमध्ये भरला.
सोळा झाली. सतरा टाइप करत होतो,
तेव्हा तिचा हात आला माझ्या मनगटावर,
गार, अंगठ्याला शिक्क्याच्या मुठीचा जुना घट्टा.
"ही राहू दे."

मी अठरावर गेलो.
बंद पाकीट उजेडाला धरून बघू नये,
एवढं तिच्याकडे बसून बसून शिकलो होतो.

यादी पूर्ण झाली. तीनशे पासष्ट.
आता सगळे दिवस आपापल्या नावाने येतात:
चौथा, पेरणीच्या महिन्यातला.
नववा, मोत्याच्या.
त्या एका दिवशी मात्र पावती असो, निरोप असो,
फोन अजून तसंच म्हणतो,
सतरा पूर्णांक अकरा,
पोस्टाच्या काट्यावर ठेवलेल्या
कुठल्याशा पुडक्याचं वजन सांगावं तसं.

किलो की ग्रॅम, ते तो सांगत नाही.